लघुप्रबंधाच्या आधी आराखडा : पदव्युत्तर लेखाशास्त्राच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

पदव्युत्तर लेखाशास्त्र अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य आणि लघुप्रबंधांचे मार्गदर्शक यांस,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

गेली अनेक वर्षे मी पदव्युत्तर वर्गांना संशोधन पद्धती हा विषय शिकवते आणि पुढच्या सत्रात त्याच विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध तपासते. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असली की पहिल्या सत्रात आपण काय शिकवले नाही, ते दुसऱ्या सत्रात निमूटपणे वाचावे लागते. ज्या विद्यार्थ्याने परीक्षेत वर्णनात्मक, अन्वेषणात्मक आणि प्रायोगिक संशोधनातला फरक बिनचूक लिहिलेला असतो, तोच लघुप्रबंधाला ‘लेखापरीक्षण समितीचा नफ्याच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम’ असे शीर्षक देतो, शंभर-दीडशे जणांकडून प्रश्नावली भरून घेतो, त्यांपैकी किती टक्के लोकांना असा परिणाम होतो असे वाटते याचे वर्तुळालेख काढतो आणि परिणाम सिद्ध झाल्याचे जाहीर करतो. वाटणे आणि असणे यांतला फरक त्याला कळत नाही असे मुळीच नाही. ‘ही येणी वसूल होतील असे आम्हाला वाटते’ एवढ्या व्यवस्थापनाच्या शब्दावर कोणताही लेखापरीक्षक त्या रकमेपुढे बरोबरची खूण करत नाही, हे तो दुसऱ्याच एका विषयाच्या उत्तरपत्रिकेत छान लिहून आलेला असतो. मात्र संशोधनाच्या वर्गात पाऊल टाकताच तो हे सगळे दाराबाहेर ठेवतो, कारण आत त्याचा काही उपयोग आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

माझे म्हणणे असे आहे की संशोधन पद्धतीचा आपला अभ्यासक्रम व्याख्यांचा झाला आहे, तो आराखड्याचा व्हायला हवा आणि लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे पुराव्याची जी जाण आधीच असते तिच्यावर तो उभा राहायला हवा. सध्या हा विषय कोणत्याही विद्याशाखेला चालेल अशा बेताने शिकवला जातो. संशोधनाचे प्रकार, नमुना निवडीचे प्रकार, मापनश्रेणींचे प्रकार ही यादी पाठ झाली की विषय संपला. आराखडा म्हणजे अहवालातले तिसरे प्रकरण, असा विद्यार्थ्याचा समज होतो आणि काम उरकल्यावर, मागच्या वर्षीचा एखादा प्रबंध समोर ठेवून, तो ते प्रकरण लिहून टाकतो. वास्तविक आराखडा हा माहिती गोळा करण्याआधी घ्यायचा निर्णय आहे, आणि त्याचा गाभा एकाच प्रश्नात आहे: कशाची कशाशी तुलना केली असता माझे म्हणणे खोटे ठरण्याची शक्यता निर्माण होते?

हे मला वर्गात कोणी शिकवले नाही, तोंडी परीक्षेत शिकवले. माझ्या स्वतःच्या लघुप्रबंधासाठी मी एक नवे लेखा मानक लागू होण्याआधीची तीन आणि नंतरची तीन अशी सहा वर्षे घेतली होती. चाळीस कंपन्यांची गुणोत्तरे काढली, आधीच्या आणि नंतरच्या सरासरीतला फरक टी-चाचणीत (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणाऱ्या सांख्यिकी चाचणीत) लक्षणीय ठरला आणि मानकामुळे सुधारणा झाली असे मी ठामपणे लिहिले. बाह्य परीक्षकांनी पाने चाळली, आकडेमोड बरोबर असल्याचे सांगितले आणि एवढेच विचारले, “ज्या कंपन्यांना हे मानक लागू नव्हते, त्यांची गुणोत्तरे याच सहा वर्षांत कशी बदलली?” मी ती पाहिलीच नव्हती. नंतर पाहिली, तेव्हा त्यांचीही जवळजवळ तेवढीच सुधारलेली निघाली. गुण मात्र मला चांगले मिळाले, आणि ते मला आजही खटकते.

हा घोटाळा केवळ विद्यार्थिदशेतला नाही. युरोपीय संघाने २००५ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना एकत्रित वित्तीय पत्रकांसाठी आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानके बंधनकारक केली. त्यानंतर शेअरची तरलता, म्हणजे ते सहज घेता-विकता येण्याची सोय, वाढल्याचे अभ्यासकांना दिसले, आणि श्रेय अर्थातच मानकांना मिळाले. २०१३ साली क्रिस्टेनसेन, हेल आणि लॉइट्झ यांनी तुलना वेगळ्या रीतीने मांडली. मानके तर सगळीकडे आली होती, पण अहवालांवरील देखरेख आणि अंमलबजावणी त्याच सुमारास काही देशांतच कडक झाली होती, म्हणून त्यांनी देशांची विभागणी त्या आधारावर केली. युरोपीय संघातली तरलतेची वाढ अंमलबजावणीत भरीव बदल केलेल्या पाच देशांपुरतीच असल्याचे दिसून आले. जिथे फक्त मानके बदलली तिथे वाढीचा फारसा पुरावा मिळाला नाही. घटना तीच असूनही निष्कर्ष बदलला तो तुलनेचे गट बदलल्यामुळे, आणि ते गट कसे पाडावेत हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही. पदव्युत्तर वर्गात हे एक उदाहरण नीट दोन तास चालवले, तर संशोधनाच्या प्रकारांवरची चार व्याख्याने वगळली तरी चालतील असे माझे मत आहे.

पुराव्याची दिशा हा तर आपल्याच घरचा विषय. वहीत दाखवलेला माल खरोखर अस्तित्वात आहे का हे पाहायचे असेल तर लेखापरीक्षक वहीतली नोंद घेऊन गोदामात जातो. सगळा माल वहीत आला आहे का हे पाहायचे असेल तर तो गोदामातली वस्तू निवडून वहीकडे येतो. वहीपासून सुरुवात करून वहीत नसलेली गोष्ट कधीच सापडत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. असे असूनही हाच विद्यार्थी ‘कंपन्या आजारी का पडतात’ याचा अभ्यास करताना शेअर बाजाराच्या आजच्या यादीतून गेली दहा वर्षे सलग माहिती मिळणाऱ्या कंपन्या निवडतो. ज्या बुडाल्या, विलीन झाल्या किंवा यादीतून काढल्या गेल्या, त्या त्याच्या वहीत नाहीतच. पाठ्यपुस्तक याला नमुना निवडीतला पूर्वग्रह म्हणते आणि विद्यार्थी ती व्याख्या पाठ करतो. ‘तू गोदामात गेलाच नाहीस’ असे म्हटले की त्याला लगेच समजते. हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे.

दिवाळखोरीच्या अंदाजावरचे जुने अभ्यास या दृष्टीने एकापाठोपाठ एक वाचून घ्यावेत. एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ मध्ये दिवाळखोर झालेल्या ३३ आणि तगलेल्या ३३ अशा ६६ उत्पादक कंपन्या घेतल्या आणि बावीस गुणोत्तरांतून पाच निवडून त्यांचा प्रसिद्ध झेड-अंक तयार केला. जोड्या लावून तुलना करणे ही त्या आराखड्याची ताकद होती, पण प्रत्यक्ष जगात बुडणाऱ्या आणि तगणाऱ्या कंपन्या निम्म्या-निम्म्या नसतात, आणि असा नमुना घेतला की काढलेल्या संभाव्यता झुकतात, हे झ्मीजेव्स्की यांनी १९८४ मध्ये दाखवले. त्यांच्या आधी, १९८० मध्ये, जेम्स ओहल्सन यांनी १०५ दिवाळखोर आणि २०५८ इतर कंपन्या घेऊन वेगळी पद्धत वापरली होती. त्यांचा एक मुद्दा तर लेखापालालाच सुचावा असा आहे. ज्या वर्षाचे ताळेबंद आपण अंदाजासाठी वापरतो, ते दिवाळखोरी जाहीर होण्याआधी लोकांच्या हाती आले होते का, की नंतर? ताळेबंदाची तारीख आणि तो प्रसिद्ध होण्याची तारीख एक नसते. नंतर आलेल्या पत्रकावरून आधीच्या घटनेचे भाकीत करणे म्हणजे निकाल लागल्यावर पैज लावणे. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत ही तारीख तपासलेली क्वचितच आढळते.

आता मापनाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या विषयात आराखडा सर्वाधिक तिथेच कोसळतो. रॉबर्ट लिबी यांच्या १९८१ मधील लेखनापासून रूढ झालेली, ‘लिबी बॉक्सेस’ या नावाने ओळखली जाणारी एक साधी आकृती आहे. तिला दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर कल्पना असतात, उदाहरणार्थ लेखापरीक्षणाचा दर्जा आणि नफ्याची गुणवत्ता. खालच्या मजल्यावर त्यांची मापे असतात, उदाहरणार्थ लेखापरीक्षण संस्थेचा आकार आणि कोणते तरी एक अ‍ॅक्रुअलचे (रोख हाती येण्या-जाण्याची वाट न पाहता नफ्यात धरलेल्या रकमांचे) गणित. आपला दावा वरच्या मजल्यावरचा असतो आणि आपली आकडेमोड फक्त खालच्या. मधले जिने पक्के आहेत का हे विचारल्याशिवाय खालचा निष्कर्ष वर नेता येत नाही. ही आकृती फळ्यावर काढायला दोन मिनिटे लागतात, पण विद्यार्थ्याला स्वतःच्या विषयासाठी ती भरायला सांगितले तर आठवडा जातो, आणि तो आठवडा त्या सत्रातला सर्वात उपयोगी आठवडा असतो.

उदाहरणादाखल जेनिफर जोन्स यांच्या १९९१ मधील अभ्यासाकडे पाहावे. आयातीपासून संरक्षण मागणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची चौकशी चालू असताना त्या कंपन्यांना नफा कमी दाखवण्याचे कारण होते. कोणी, केव्हा आणि कोणत्या दिशेने आकडे झुकवण्याचा संभव आहे हे आकडे पाहण्याआधीच ठरलेले होते, आणि त्या अभ्यासाचे खरे बळ तिथे आहे. विक्रीतला बदल आणि स्थावर मालमत्ता, यंत्रसामग्री यांवरून कंपनीच्या सर्वसाधारण अ‍ॅक्रुअल रकमांचा अंदाज बांधायचा आणि उरलेला भाग व्यवस्थापनाच्या इच्छेचा मानायचा, असे ते प्रारूप होते. पुढे १९९५ मध्ये डेचाव, स्लोन आणि स्वीनी यांनी त्यातल्या विक्रीच्या वाढीतून येण्यांची वाढ वजा करण्याची सुधारित आवृत्ती मांडली. समजा, एखाद्या कंपनीची विक्री १०० एककांनी वाढली आणि त्यांपैकी ४० एकके येण्यांत अडकली. मूळ प्रारूप त्या वर्षासाठी १०० ची वाढ स्वाभाविक धरते, तर सुधारित प्रारूप फक्त ६० ची. म्हणजे दुसऱ्या रीतीत उधारीतली सगळी वाढ संशयित मानली जाते. कंपनीने नव्या ग्राहकांना प्रामाणिकपणे उधारी दिली असली तरी ती संशयितच. दोन्ही गृहीते कामापुरती चालू शकतात, पण विद्यार्थी त्यांतले कोणते आणि का निवडतो हे त्याने सांगायला हवे. होते असे की तो सुधारित आवृत्ती वापरतो, कारण ती सुधारित आहे. आणि गणितात जे काही उरते त्याला तो सरळ ‘हातचलाखी’ म्हणतो. उरलेली रक्कम म्हणजे प्रारूपाला जे माहीत नव्हते ते सगळे. त्यात हातचलाखी असू शकते, धंद्याची वाढ असू शकते, विलीनीकरण असू शकते आणि माहिती भरणाऱ्याची चूकही असू शकते. न जुळणारा ताळेबंद संशयित खात्याने (कारण न सापडलेला फरक तात्पुरता ठेवण्याच्या खात्याने) जुळवला आणि त्या खात्याला ‘अफरातफर’ असे नाव दिले, तर आपण त्या विद्यार्थ्याला नापास करू. इथे मात्र आपण त्याचे कौतुक करतो.

नमुन्याच्या आकाराबद्दल एकच आकडा सांगते: ३८४. ज्या समूहाचा अभ्यास करायचा तो कितीही मोठा असो, नमुना ३८४ चा पुरे, असे विद्यार्थी डोळे मिटून लिहितात. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० मधील तक्त्यातून आला आहे आणि तो ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के चूक आणि निम्मे-निम्मे प्रमाण या गृहीतांवर उभा आहे. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग, एवढे केले की ३८४ येतात. त्याची अट अशी, की निवड खरोखर यादृच्छिक असावी आणि उद्देश एखादे प्रमाण काढण्याचा असावा. मित्रांच्या गटांवर प्रश्नावलीचा दुवा पाठवून जमवलेले ३८४ प्रतिसाद ही अट पुरी करत नाहीत, आणि दोन गटांची तुलना किंवा सात चलांचे प्रतिगमन (एका राशीशी इतर राशींचा संबंध मोजण्याचे गणित) करायचे असेल तर हा आकडा मुळात वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. तरीही तो अधिकृत वाटतो, आणि मार्गदर्शकही त्यावर सही करतात. मीही केली आहे.

गुणात्मक संशोधनाविषयी इथे थोडेच लिहिते, ते महत्त्वाचे नाही म्हणून नव्हे. संस्थांमध्ये लेखांकन प्रत्यक्षात काय काम करते याकडे पाहणारी मोठी परंपरा आपल्या विषयात आहे. अँथनी हॉपवूड यांनी १९७६ मध्ये सुरू केलेले नियतकालिक तिचे एक केंद्र राहिले आहे. आपल्याकडे मात्र शेवटी एक मोकळा प्रश्न जोडलेल्या प्रश्नावलीलाच गुणात्मक अभ्यास म्हटले जाते. अर्थसंकल्प बैठकीत तीन महिने बसून काय ठरते आणि काय लिहिले जाते याची टिपणे ठेवणाऱ्या विद्यार्थ्यालाही आराखडा लागतोच. कोणाशी बोलायचे, कोणते कागद पाहायचे, आपल्या समजुतीच्या विरोधात जाणारे उदाहरण कुठे शोधायचे, हे त्यालाही आधी ठरवावे लागते. त्यासाठी आपल्या अभ्यासक्रमात आज एक तासही नाही.

सांख्यिकी चाचण्यांना माझा विरोध नाही, त्यांच्या जागेला आहे. चाचणी आराखड्याच्या मागून यायची असते. ती आधी आली की विद्यार्थी हाती आलेल्या माहितीवर एकामागून एक चाचण्या लावत सुटतो आणि जी लक्षणीय ठरते तिच्याभोवती गृहीतक रचतो. वीस निरर्थक संबंध पाच टक्क्यांच्या पातळीवर तपासले तर सरासरी एखादा ‘लक्षणीय’ निघणारच. यावर उपाय म्हणून ‘जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च’ने आपल्या २०१७ च्या परिषदेसाठी नोंदणीकृत अहवालांची पद्धत वापरून पाहिली. तिच्यात संशोधकाने निकाल हाती येण्याआधी आराखडा पाठवायचा आणि स्वीकृतीचा निर्णय त्या आराखड्यावर घ्यायचा. नामवंत संशोधकांना जी शिस्त लावून पाहावीशी वाटली, ती विद्यार्थ्यांना लावणे त्यांच्या दृष्टीने उलट दिलाशाचे ठरेल. आज गृहीतक ‘सिद्ध’ झाले नाही की विद्यार्थी घाबरतो, गुण जातील म्हणून. आणि आपण गुणदान ज्या पद्धतीने करतो ते पाहता त्याची भीती चुकीची नाही.

नोंदी जपण्याचेही असेच आहे. ‘द अकाउंटिंग रिव्ह्यू’मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेला, लेखापरीक्षकांच्या विचारमंथनावरील एका क्षेत्रीय प्रयोगाचा लेख २०१२ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण लेखातले एक विधान चुकीचे असल्याचे मान्य झाले आणि मागितलेली आधारभूत माहिती देता आली नाही. लेखापरीक्षक कार्यपत्रांशिवाय मत देत नाही. आपला विद्यार्थी मात्र कोणत्या कंपन्या का वगळल्या, टोकाच्या आकड्यांचे काय केले, याची एकही नोंद न ठेवता दीडशे पाने बांधून आणतो. लघुप्रबंधासोबत कार्यपत्रांची फाइल मागण्यात गैर काही नाही. विद्यार्थ्याच्या पुढच्या नोकरीतही त्याला तेच करायचे आहे.

तेव्हा आपणांस माझी विनंती आहे की पद्धतीच्या विषयाचे निम्मे तास एकाच कामाला द्यावेत: विद्यार्थ्याने प्रसिद्ध झालेला एक जुना अभ्यास निवडून त्याचा आराखडा उलगडावा आणि शक्य तिथे छोट्या प्रमाणावर पुन्हा करून पाहावा. बॉल आणि ब्राउन यांचा १९६८ चा अभ्यास यासाठी मला सर्वात सोयीचा वाटतो. त्यांनी २६१ कंपन्यांचा प्रत्यक्ष नफा अपेक्षेपेक्षा जास्त की कमी एवढ्यावर दोन गट पाडले आणि जाहीर होण्याआधीचे बारा व नंतरचे सहा महिने शेअरचे भाव कसे हलले ते पाहिले. भावातली बरीचशी हालचाल नफा जाहीर होण्याआधीच होऊन गेलेली होती, आणि थोडी नंतरही चालू राहिली. ही तुलना इतकी स्वच्छ आहे की तीस कंपन्यांची माहिती घेऊन साध्या स्प्रेडशीटवर ती करता येते. ‘अपेक्षित नफा’ कसा ठरवायचा, या एकाच प्रश्नावर वर्गात जेवढा वाद होतो तेवढा मी दुसऱ्या कशावर होताना पाहिलेला नाही.

यावर अडचणी सांगितल्या जातील आणि त्या खऱ्या आहेत. एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी फार असतात, वेळ कमी असतो आणि आपल्यापैकी बहुतेकांचे स्वतःचे शिक्षण त्याच जुन्या वाटेने झालेले आहे. प्रश्नावलीचा प्रबंध तपासायला सोपा असतो, हेही कारण आहे; आपण ते मोठ्याने बोलत नाही एवढेच. म्हणून संपूर्ण अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबण्यापेक्षा निदान विषय नोंदणीचा अर्ज बदलावा असे मी सुचवते. विल्यम किनी यांनी १९८६ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी लिहिताना तीन परिच्छेदांची अपेक्षा ठेवली होती: काय शोधायचे आहे, का शोधायचे आहे आणि कसे शोधणार. आपल्या अर्जात आज शीर्षक आणि उद्दिष्टे एवढेच असते. त्याऐवजी हे तीन परिच्छेद मागावेत, लघुप्रबंधाच्या गुणांपैकी ठळक वाटा त्यांना माहिती गोळा करण्याआधीच द्यावा, आणि खाली एक रकाना वाढवावा: ‘कोणता निष्कर्ष हाती आला, तर आपले गृहीतक चुकीचे होते असे आपण मान्य कराल?’

गेल्या दोन सत्रांत मी माझ्यापुरता हा रकाना कोऱ्या कागदावर भरून घेते. पहिल्या वेळी निम्म्याहून अधिक विद्यार्थी तो रिकामा ठेवून परत आले. त्यांच्यापैकी काहींनी नंतर शीर्षक बदलले, आणि एकीने प्रश्नावली सोडून चौदा कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतील लेखापरीक्षकांची मते वर्षागणिक वाचायला घेतली. अर्जाच्या नमुन्यातला हा बदल आपल्या पुढच्याच बैठकीत करता येण्याजोगा आहे. तो विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

कळावे.

आपली विश्वासू,
संशोधन पद्धती शिकवणारी एक अध्यापिका